गजूचा दिवस साडेपाचला बदलायचा

गजू गेला हे मला फोनवर कळलं. तो कधी गेला, याचा वाद मात्र महिना होत आला तरी मिटलेला नाही. माझ्या भावजयीचा, वंदनाचा, फोन आला तेव्हा बाहेर अंधार होता, एवढं मी खात्रीनं सांगू शकते. "ताई, तुम्ही या," इतकंच ती म्हणाली आणि फोन हातात तसाच चालू राहिला असावा. मागं टेम्पोचं इंजिन घरघरत होतं... कुणीतरी ते बंद करा म्हणत होतं आणि कुणीच करत नव्हतं. भेंडीचे क्रेट चढवून झाले होते, दोरी बांधायची तेवढी राहिली होती. जरा दमल्यासारखं वाटतं म्हणून गजू टेम्पोच्या चाकाला टेकून बसला आणि तो उठलाच नाही. बुलढाण्याहून पहिली एसटी पकडून मी आमच्या गावी, धाडला, पोचले तेव्हा उन्हं वर आली होती. स्टँडवरचा फ्लेक्स तेव्हा लागायचा होता, तो दुपारी लागला.

त्या फ्लेक्सचं आधी लिहून टाकते, म्हणजे पुढचं नीट लिहिता येईल. मला किळस लवकर येते, हा माझा लहानपणापासूनचा स्वभाव. एसटीच्या चौकशीच्या खिडकीवर माझी सगळी नोकरी गेली. खिडकीच्या कोपऱ्यात रोज नवी पिचकारी असायची आणि ती पाहून कित्येकदा मी घरून नेलेला डबा न उघडता परत आणायची. पण पिचकारी निदान धुता येते. फ्लेक्सवर वर 'भावपूर्ण श्रद्धांजली', मध्ये गजूचा आधारकार्डावरचा, घाबरल्यासारखा दिसणारा फोटो, आणि खाली एका रांगेत गॉगल लावलेले आठ जण, प्रत्येकाचा चेहरा गजूच्या चेहऱ्यापेक्षा मोठा. मधोमध ग्रुपचे (तो कसला, ते पुढं येईलच) प्रमुख, खामगावचे दातांचे डॉक्टर, हात जोडून हसताहेत. श्रद्धांजलीच्या फ्लेक्सवर हसतं कोण? आणि गजूच्या नावाखाली काय, तर 'आमचा सच्चा शोधयात्री'. सच्चा! याच डॉक्टरांनी गेल्या पावसाळ्यात सगळ्या ग्रुपसमोर त्याला खोटारडा ठरवून बाहेर काढलं होतं. मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात, ते मी लहानपणापासून ऐकत आले. त्या संध्याकाळी पाहुण्यांना सोडायला स्टँडवर गेले तेव्हा ते दूध डोळ्यांनी पाहिलं, आणि मी पदर तोंडाला लावून घराकडं परतले. लोकांना वाटलं, बहीण रडते आहे.

गजू माझ्या पाठचा. नाव गजानन. पण आमच्याकडं गल्लीत गजानन म्हणून हाक मारली तर चार घरांची दारं उघडतात, म्हणून तो गजू. गेलेला माणूस शांत आणि मनमिळाऊ असलाच पाहिजे, असा अशा लेखांचा रिवाज दिसतो. गजू तसा नव्हता. तो भांडखोर होता, हेकट होता आणि बढाईखोर तर इतका की कुणाची हरवलेली शेळी शोधून आणली तर ती मालकाच्या दावणीला बांधण्याआधी साऱ्या आळीतून मिरवून आणायचा. पण शोधायचा तोच. विहिरीत पडलेली बादली गळ टाकून काढायची तर गजू, कडब्याच्या गंजीत गेलेला विळा हुडकायचा तर गजू. स्वतःच्या लग्नात, डोक्याला बाशिंग बांधलेलं असताना एका पाहुण्याची चप्पल शोधत मांडवाबाहेर फिरणारा नवरदेव मी दुसरा पाहिलेला नाही. वंदना अंतरपाटामागं उभी आणि हा चपलांच्या ढिगाऱ्यात. चप्पल सापडली, मगच मंगलाष्टकं झाली. पुढं तो भेंडी, मिरची, वांगी पिकवायचा आणि स्वतःच्या टेम्पोतून आपला आणि शेजारपाजारच्यांचा माल पहाटे बाजाराला न्यायचा, कधी बुलढाण्याला, कधी खामगावला.

महामार्गाच्या मोजणीचं काम आमच्या भागात चालू होतं तेव्हा एका इंजिनिअरचं सामान गजूनं टेम्पोतून पोचवलं. त्या माणसाला कंपनीकडून नवं मशीन मिळालं होतं, म्हणून जुनं त्यानं गजूला देऊन टाकलं. मुठीत मावणारं, पिवळ्या कडांचं जीपीएस. आपण नेमके कुठं उभे आहोत ते उपग्रहांवरून आकड्यांत सांगणारं. या मशीनवर खेळायचा एक खेळ जगभर चालतो, त्याला जिओकॅशिंग म्हणतात, हेही त्यानंच सांगितलं. कुणीतरी रानात, डोंगरात, पडक्या भिंतीत एक डबा लपवतो आणि त्या जागेचे आकडे वेबसाइटवर टाकतो. बाकीच्यांनी तो हुडकायचा, आतल्या कागदावर आपलं नाव आणि तारीख लिहायची, डबा होता तसा ठेवायचा आणि मग मशीनमधली नोंद वेबसाइटवर चढवायची. नोंदीबरोबर मशीनमधली तारीख-वेळही जाते. बक्षीस काही नाही. आपला भाचा येडा झाला असं तोंडावर म्हणणारे मामा आमच्याकडं होतेच. वंदनानंही एकदा वैतागून विचारलं की काही भेटत नाही तर मग जाता कायले. गजू म्हणाला, "डबा भेटते ना." त्याच्या दृष्टीनं विषय संपला.

आता त्या मशीनच्या घड्याळाचं सांगते, कारण सगळं त्यावरच आलं. मशीनमधली वेळ आपल्याकडच्या वेळेच्या साडेपाच तास मागं होती. ती इंग्लंडकडची, जगानं मोजमापासाठी धरलेली वेळ असते, आणि आपल्या देशाची लावायची तर सेटिंगमध्ये जाऊन बदलावी लागते, हे इंजिनिअरनं जाताना सांगितलं होतं. गजू बदलणारही होता. पण पहिल्याच आठवड्यात पहाटे माल भरताना त्याचं लक्ष मशीनकडं गेलं. आपल्याकडं साडेपाच होत होते, तिकडं रात्रीचे बारा. आणि त्याच्या डोळ्यांदेखत मशीनमधली तारीख बदलली. समोर अजिंठ्याच्या डोंगरामागं फटफटत होतं. त्यानं मला लगेच फोन केला. काय झालं म्हणून मी घाबरून उठले तर हा म्हणतो, "ताई, हे मशीन आपल्या बाबासारखं हाये. उजाडल्याबिगर वार बदलत नाही."

आमचे वडील शनिवारचा उपवास धरायचे आणि रविवारी तांबडं फुटल्याशिवाय तोंडात पाणीसुद्धा घ्यायचे नाहीत. मध्यरात्री तारीख बदलते हे त्यांना मान्य नव्हतं. रातच्याला चोर फिरतात, वार फिरत नाही, असं ते म्हणायचे. आमच्या घरात आजही पहाटे चारला घडलेली गोष्ट 'काल रात्रीची' असते. गजूला हे इतकं पटलं की त्यानं सेटिंग बदलायचं साफ सोडून दिलं. इंग्रजाच्या घरी बारा वाजतात तेव्हा आपल्या घरी उजाडतं, म्हणजे त्याचंही घड्याळ आपल्याच वारानं चालतं, असा त्याचा सिद्धांत होता, आणि तो बाजारात दिसेल त्याला तो ऐकवायचा. हिवाळ्यात साडेपाचला कुठं उजाडतं रे, असं मी विचारलं तर म्हणाला की थंडीत सूर्य जरा लोळत पडतो, त्याला मशीन काय करेल. तेव्हापासून त्याची एक सवय पडली. माल भरून झाला की ओट्यावर बसायचं, मशीन हातात धरायचं आणि तारीख बदलली की आत हाक द्यायची, "बदलला!" मग वंदनानं चहा आणायचा. त्याआधी चहा नाही, कारण त्याआधीचा चहा आदल्या दिवसाच्या हिशेबात जातो म्हणे. वंदना कपाळाला हात लावायची, पण चहा त्याच वेळेला गाळायची.

एका रविवारी त्यानं मला साखरखेर्ड्याच्या बाजूला नेलं. गावाच्या अलीकडं एक जुनी बारव आहे, तिच्या पायऱ्यांत कुणीतरी डबा लपवला होता. मी नाकाला पदर लावून वरच उभी राहिले. पायऱ्यांवर फुटक्या बाटल्या, गुटख्याच्या पुड्या, कुणाच्या तरी वाढदिवसाच्या केकचं खोकं, त्यावर माश्या. आपल्या लोकांना एवढी सुंदर जागा दिली की ते तिथं हेच करतात, असं मी तोंडानं म्हणत होते. गजू मात्र पायऱ्या उतरून थेट एका फटीत कोपरापर्यंत हात घालून बसला. मी ओरडले की आत विंचू असेल. तो म्हणाला, असला तर त्यानंही नाव लिहिलं असेल. शेवटी काळ्या चिकटपट्टीत गुंडाळलेला एक डबा निघाला. आत कागदाची सुरळी, पेन्सिलीचा तुकडा, प्लॅस्टिकचा बेडूक आणि एक हिरवी बांगडी. गजूनं मशीनकडं पाहून तारीख लिहिली, खाली माझंही नाव घातलं, डबा होता तिथं सरकवला. मला वाटलं झालं, आता निघू. तर यानं टेम्पोतून कांद्याच्या दोन जाळ्या आणल्या आणि बारवेतला सगळा कचरा भरला, केकच्या खोक्यासकट. मी एका पुडीलाही हात लावला नाही, मला जमतच नाही ते. परत येताना टेम्पोत मागं तो उकिरडा वास मारत होता आणि पुढं हा डबा कसा शोधला ते मलाच पुन्हा पुन्हा सांगत होता, जणू मी तिथं नव्हतेच. इतकी खूश मी नंतरच्या काळात फार कमी वेळा झाले.

खामगावच्या डॉक्टरांनी पुढं या खेळाचा जिल्ह्याचा ग्रुप काढला. व्हॉट्सअ‍ॅपवर सगळे. कुणी वकील, कुणी शोरूमवाला, कुणी बँकेतला. त्यांना डब्यापेक्षा डब्याबरोबरच्या फोटोत जास्त रस होता, असं माझं मत. गजू त्यांच्यात भाजीच्या टेम्पोनं जायचा आणि त्यांच्याआधी पोचायचा, हेच खरं दुखणं होतं. गेल्या पावसाळ्यात डॉक्टरांनी पिंपळगाव राजाच्या शिवारात एक डबा लपवला आणि ग्रुपवर मोठा गाजावाजा केला की रविवार लागला की आकडे वेबसाइटवर येतील, पहिला कोण पोचतो ते पाहू. मध्यरात्र उलटल्यावर आकडे आले. गजू त्या दिवशी खामगावच्या बाजारासाठी लवकरच निघालेला, त्यानं फोनवर आकडे पाहिले, टेम्पो पिंपळगावकडं वळवला आणि झुंजूमुंजू व्हायच्या आत डबा शोधून कागदावर नाव लिहिलं. तारीख लिहिली मशीनमधली, शनिवारची. त्याच्या लेखी शनिवारच होता.

सकाळी निवांत नाश्ता करून डॉक्टरांचे साडभाऊ कॅमेऱ्यासह पहिला नंबर लावायला गेले. डबा उघडला तर आत गजूचं नाव, आणि तारीख आकडे जाहीर व्हायच्या आदल्या दिवसाची. वेबसाइटवर चढवलेल्या नोंदीतही शनिवारच. झालं. म्हणजे यानं डॉक्टर डबा लपवत असताना पाळत ठेवली, चोरून पाहिलं, असा निकाल दुपारपर्यंत लागला. डबा डॉक्टरांचा, त्यामुळं नोंद पुसायचा अधिकार त्यांचाच. त्यांनी ती पुसली, ग्रुपवर 'खोटारड्यांना इथं जागा नाही' असं लिहिलं आणि गजूला काढून टाकलं. काढण्याआधी एकदा विचारलं होतं म्हणतात, की खरं सांगा, तुम्ही तिथं कधी गेलात? गजूनं उत्तर दिलं, "शनिवारीच. उजाडाचं होतं अजून." लोकांनी तो कबुलीजबाब मानला.

मी डॉक्टरांना फोन केला. नीट समजावून सांगितलं की त्याचं मशीन साडेपाच तास मागं आहे आणि डोकं त्याहून मागं आहे, पण तो चोर नाही. ते अगदी गोड आवाजात म्हणाले, "ताई, त्याची वेळ उपग्रहावरून येते. मशीन खोटं बोलत नसतं हो." आणि पेशंट आहेत म्हणून फोन ठेवला. मग मी गजूला धरलं. एका वाक्याचं काम होतं. मशीनची वेळ लावायची राहून गेली, एवढं लिहून टाक आणि मोकळा हो, म्हणून मी त्याच्यापुढं हात जोडले. तो ऐकेना. "लावाची राह्यली नाही ताई, मीच लावली नाही. मंग खोटं काऊन सांगू?" सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, तसला माणूस. मला त्याचा इतका संताप आला होता की मी महिनाभर धाडला गेले नाही.

पण पीळ होता तरी जळत होताच. आठवडी बाजारात ही गोष्ट पोचायला वेळ लागला नाही. गजूभाऊ, ही भेंडी आजची आहे का कालची, असं विचारून लोक हसायचे. आधी तो चार शिव्या हासडायचा, मग तेही बंद झालं. सगळ्यांत वाईट म्हणजे त्यानं डबे शोधणं सोडलं. आळीत कुणाची कोंबडी हरवली तरी उठेना. वंदना सांगते, एकदा खामगावहून येताना पिंपळगावच्या फाट्यावर त्यानं टेम्पो थांबवला, थोडा वेळ बसून राहिला आणि पुन्हा चालू केला. मशीन मात्र पहाटे हातात असायचंच. बदलला म्हणून हाक द्यायचा तेवढी, पण आवाजात पहिली मजा नव्हती. मरायच्या आदल्या आठवड्यात मी गेले होते तेव्हा तो मला अचानक म्हणाला, "ताई, तुले तरी खरं वाटते ना?" मी म्हटलं, वेड्या, मला पहिल्यापासून खरं वाटतं. त्यानं मान डोलावली आणि वांग्यांना पाणी द्यायला गेला.

आणि मग तो गेला, तोही असा, उजाडायच्या आत. दाखल्यावर सोमवार लिहिलं. फ्लेक्सवर सोमवार छापलं. पण भावकीतल्या सगळ्यांत थोरल्या काकूंनी सरणाची लाकडं मोजली जात असतानाच सांगून टाकलं की पोरगं ऐतवारी गेलं, उजाडलं नव्हतं. आमच्याकडं त्यांच्या शब्दापुढं दाखला चालत नाही. त्यामुळं दिवस रविवारपासून धरले आणि दहावा मंगळवारी नदीवर झाला. पिंडाला कावळा लगेच शिवला. मला वाटलं होतं, गजू ताटकळत ठेवेल, हेका धरून बसेल. पण नाही.

बुधवारी सकाळी मी ओट्यावर तेरवीचे गहू निवडत बसले होते तेव्हा दारात दोन गाड्या थांबल्या. डॉक्टर उतरले, साडभाऊ उतरले, मागून एक व्हिडिओवाला आणि बांबूला गुंडाळलेला आणखी एक फ्लेक्स. सगळे घामाघूम. हे लोक दहाव्याला म्हणून नदीवर जाऊन आले होते. तिथं त्यांना काय दिसणार, आदल्या दिवशीच्या पत्रावळी आणि कुत्री. वरातीमागून घोडं. कुणी त्यांना बोलावलं नव्हतं, त्यांनी आपलेआप सोमवारपासून मोजलं होतं. डॉक्टरांनी विचारलं की दहावा आज होता ना. मी म्हटलं, काल झाला. गजू रविवारी गेला. ते समजुतीच्या सुरात म्हणाले की नाही हो ताई, पहाटेचं ना, म्हणजे सोमवारच. मी म्हटलं, उजाडलं नव्हतं, आमच्याकडं रविवारच धरतात. त्यावर डॉक्टर मांडीवर थाप मारून हसले. "म्हणजे त्यांच्या मशीनसारखंच की! साडेपाच तास मागं!"

साडभाऊही हसले. व्हिडिओवाला हसला. मी सूप खाली ठेवलं. मी फोनवर हेच सांगत होते तेव्हा तर तुम्ही ऐकलं नव्हतं, मग हे तुम्हाला कळलं कधी, असं मी विचारलं. डॉक्टर कांद्याचा भाव सांगावा तसं म्हणाले की दिवाळीच्या सुमारास. त्यांनी स्वतःला नवं मशीन घेतलं होतं, त्यातही तिकडचीच वेळ येत होती, सेटिंग करावं लागलं.

"दिवाळीत गजू जिता होता, डॉक्टर," मी म्हटलं. माझी खिडकीवरची शुद्ध भाषा सुटून घरची तोंडात आली होती. "मंग त्याले सांगितलं काऊन नाही?"

त्यांनी रुमाल काढून मान पुसली. "ग्रुपवर पुन्हा विषय निघाला असता ताई. निकाल दिलेला होता... एवढ्याशा डब्यासाठी कशाला, म्हटलं. आणि त्यांनीही काही फोन केला नाही."

त्यांनीही काही फोन केला नाही! हे वाक्य मी गेले कित्येक दिवस मनात घोळवते आहे. खोटं बोलणाऱ्याचा मला राग येतो, तो उतरतोही. पण खरं खिशात घालून हिंडणाऱ्याची शिसारी येते आणि ती जात नाही. दिवाळी ते परवापर्यंत हा माणूस लोकांच्या दाढा उपटत होता, फोटो काढत होता, फराळाचे निरोप पाठवत होता, आणि त्याला माहीत होतं. पिंपळगावच्या फाट्यावर माझा भाऊ टेम्पो थांबवून बसला होता तेव्हाही माहीत होतं. आणि आता सच्चा म्हणून फ्लेक्स घेऊन आला. बारवेतल्या त्या केकच्या खोक्यावर माश्या होत्या ना, त्या मला आठवल्या.

मी काही बोलायच्या आत त्यांनी पुढचं काढलं. ग्रुपनं गजाननभाऊंच्या स्मरणार्थ एक खास डबा लपवायचं ठरवलं होतं. त्याच्याबरोबर एक काचेची पेटी, आणि पेटीत गजूचं मशीन ठेवायचं. उद्घाटनाला कोण येणार तेही ठरलं होतं. तर ते मशीन द्यावं. वंदना तोवर दाराशी येऊन उभी होती. गजू गेल्यापासून ती परक्या माणसासमोर एक शब्द बोलली नव्हती. ती तिथूनच म्हणाली, "मशीन नाही भेटनार. मले चहा कराचा असते."

आलेल्यांपैकी कुणालाच काही कळलं नाही. दुःखानं बाईचं भान सुटलं असं समजून डॉक्टरांनी सहानुभूतीची मान हलवली, आणलेला हार ओट्यावर ठेवला आणि मंडळी निघाली. गाडीत बसता बसता डॉक्टर मला म्हणाले की काळजी करू नका, पिंपळगावच्या त्या डब्याच्या वेबसाइटवरच्या पानावर मी लिहून टाकतो, पहिला शोध गजाननभाऊंचा, रविवारी पहाटे. मी म्हटलं, लिहायचंच तर त्यानं लिहिलं होतं तसं शनिवार लिहा. आणि खाली हेही लिहा की तुम्हाला दिवाळीतच कळलं होतं. ते बरं म्हणाले. मी नंतर शेजारच्या मुलीच्या फोनवर पान उघडून पाहिलं. रविवार लिहिलं आहे, हात जोडल्याचं चित्र टाकलं आहे, आणि दिवाळीचं काही नाही. रोज पाहायचं सोडून दिलं, उगाच जेवण जात नाही. स्टँडवरचा फ्लेक्स एका बाजूनं सुटून लोंबतो आहे. परवा वाऱ्यानं उलटला तेव्हा त्याखाली कुणाच्या तरी वाढदिवसाचा जुना फ्लेक्स दिसला.

सध्या मी धाडलाच आहे. टेम्पो शेजारच्यांना चालवायला दिला आहे, ते माल भरून आमच्या चहाआधीच निघून जातात, मग अंगणात एकदम शांत होतं. वंदना उठून चूल पेटवते. गॅस आहे, पण पहाटेचा चहा ती चुलीवरच करते. चहा उकळला की भांडं खाली उतरवून त्यावर झाकण ठेवते आणि ओट्यावर माझ्याशेजारी येऊन बसते. मशीन तुळशीच्या कट्ट्यावर असतं, तिथून त्याला आकाश नीट दिसतं. त्यातले सेल तिनं स्वतः बाजारातून आणून बदलले, एरवी तिला टॉर्चचे सेलही घालता येत नव्हते. मशीनमध्ये तेव्हा अजून कालचीच तारीख असते... डोंगराकडं पाहत बसतो. आज मी तिला म्हटलं की चहा निवत चालला, गाळून टाक आता, कोण बघतं आहे. तिनं मानेनंच नाही म्हटलं. मग कधीतरी मशीनच्या पडद्यावरचा तारखेचा आकडा जरासा हलल्यासारखा झाला. ती उठली, आत चुलीपाशी गेली, आणि घरात ऐकायला कुणी नव्हतं तरी नेहमीच्या आवाजात म्हणाली, "बदलला."